इंजिनाचा पालट : सातपुड्यांतील जीपगाडीच्या निमित्तानें

मोटारगाडीचा सांगाडा पंचवीस-तीस वर्षें सहज टिकतो. पत्रा ठोकून सरळ करतां येतो, कमानीचे पाटे बदलतां येतात, बैठकीवर नवें कातडें चढवितां येतें. परंतु इंजिन थकलें म्हणजे मालकापुढें खरा प्रश्न उभा राहतो. तेंच इंजिन उघडून दुरुस्त करावें, त्याच जातीचें दुसरें बसवावें, कीं निराळ्याच जातीचें इंजिन आणून गाडीचा स्वभावच पालटावा? वरवर पाहतां हा मिस्त्रीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः इंधनाचे जागतिक भाव, सरकारचें करधोरण, मोटारविषयक कायदा आणि गाडी ज्या वाटेवर चालावयाची ती वाट, अशा चार गोष्टी त्यांत गुंतलेल्या असतात. त्या चारही एकत्र पाहावयाच्या तर नंदुरबार जिल्ह्यांतील सातपुड्याकडे व तेथें धांवलेल्या जीपगाडीकडे वळावें.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं तो खानदेशचाच भाग होता. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून सुरत-भुसावळ रेल्वे जाते आणि नवापूर व नंदुरबार हीं गांवें जगाशीं जोडते. तापीच्या उत्तरेस मात्र रेल्वे नाहीं. तेथें शहादें व तळोदें यांची काळी, सपाट जमीन संपते न संपते तोंच सातपुड्याच्या रांगा सुरू होतात, आणि त्यांच्या पलीकडे अक्कलकुवें व अक्राणी तालुक्यांचा डोंगराळ मुलूख थेट नर्मदेपर्यंत पसरलेला आहे. तळोद्याहून धडगांवास जातांना चांदसैलीचा घाट लागतो. तोरणमाळास चढतांना सातपायरीचीं वळणें लागतात. अशा मुलखांत बाजाराच्या दिवशीं धान्य, मीठ, मिरची आणि माणसें एकाच गाडींतून न्यावयाचीं असत. जेथें एस. टी. ची मोठी गाडी वळूं शकत नसे तेथें जीप वळत असे. म्हणून जीप ही या भागांत हौसेची वस्तु नव्हती. ती एखाद्या कुटुंबाची शेतीच होती म्हटलें तरी चालेल.

इंजिन किंवा इंधन पालटण्याचा विचार जीपेबरोबर प्रथम आला असें मात्र नाहीं. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें तेव्हां मोटारमालकांना पहिला धडा मिळाला. अनेक बसगाड्यांच्या व लॉऱ्यांच्या मागें एक उंच पिंप बसलें. त्यांत लोणारी कोळसा जळे, व हवेच्या अपुऱ्या पुरवठ्यामुळें जो ज्वलनशील वायु तयार होई तो गाळून इंजिनाकडे नेला जाई. इंजिन तेंच राही, अन्न तेवढें बदले. परंतु या वायूची उष्णता पेट्रोलच्या मिश्रणाहून कमी असल्यामुळें गाडीची शक्ति सुमारें एक तृतीयांशानें घटे. चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरावें, प्रसंगीं धक्का द्यावा, असे प्रकार घडत. सकाळीं गाडी निघण्यापूर्वीं भट्टी पेटवावी लागे आणि चालकाचे कपडे काजळीनें भरत. युद्ध संपलें, पेट्रोल पुन्हां मिळूं लागलें, आणि तीं पिंपें भंगारांत गेलीं. या प्रकरणाचा बोध असा कीं, टंचाईच्या काळांत जो पालट शहाणपणाचा ठरतो तो टंचाई सरल्यावर ओझें होतो.

युद्धानेंच दुसरी देणगी दिली, ती जीपगाडीची. सैन्याच्या उरलेल्या जीपा बाजारांत आल्या आणि त्यांची उपयुक्तता लोकांनीं पाहिली. महिंद्र कंपनीनें अमेरिकेंतील विलीज कंपनीकडून सुटे भाग आणविले, आणि ३ जून १९४९ रोजीं मुंबईंत माझगांव येथें पहिली विलीज जीप जोडून तयार झाली. पुढें हळूहळू तिचे भाग येथेंच तयार होऊं लागले. या जीपेंत चार सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन असे. त्याचें आकारमान सुमारें २,२०० घन सेंटिमीटर होतें. युद्धकाळांतील इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें. नंतरच्या उंच बॉनेटाच्या जीपेंतील इंजिन त्याहून जोरदार होतें. दणकट, साधें, रस्त्याच्या कडेला पान्यानें उघडतां येणारें असें तें यंत्र होतें. त्याचा एकच दोष होता. तें पेट्रोल फार पीत असे. पेट्रोल स्वस्त होतें तोंवर या दोषाकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं.

ऑक्टोबर १९७३ मध्यें पश्चिम आशियांत युद्ध पेटलें आणि तेल निर्यात करणाऱ्या देशांनीं भाव वाढविले. पिंपामागें सुमारें ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरांच्या पलीकडे गेला. भारतांत पेट्रोल ही श्रीमंतांच्या मोटारीची गरज मानून तिच्यावर भारी कर बसविलेला होता. डिझेल हें मालमोटारींचें, एस. टी. चें आणि विहिरीवरील पंपाचें इंधन म्हणून स्वस्त ठेवण्याचें धोरण होतें. या दोन भावांमधील दरी जशी रुंद होत गेली, तशी पेट्रोल जीपेच्या मालकाची दृष्टि तिच्या बॉनेटाखालीं वळली. तेथील पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवितां येईल काय?

ही कल्पना जगास नवी नव्हती. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरानें १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. परंतु तें आरंभीं इतकें अवजड असे कीं तें कारखान्यांतच शोभावें. १९३२ सालीं इंग्लंडमध्यें पीटरबरो येथें फ्रँक पर्किन्स यांनीं हलक्या व जलद डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. पेट्रोल लॉरींतील इंजिन काढून तेथें बसेल असें डिझेल इंजिन विकणें हाच त्यांच्या व्यापाराचा एक मोठा भाग होता. १९३६ सालीं मर्सिडीझ कंपनीनें डिझेलची मोटारगाडी विक्रीस आणली. आपल्याकडे १९५४ सालीं टाटा व डाइमलर-बेंझ यांचा करार होऊन डिझेल मालमोटारी बनूं लागल्या, आणि १९७८ च्या सुमारास अँबॅसडर गाडीही डिझेल इंजिन घालून निघाली. पुण्याजवळ खडकीस १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीसारख्या कारखान्यांमुळें डिझेल इंजिन हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्याही ओळखीचें झालें होतें. विहिरीवरचें इंजिन उघडणारा मिस्त्री गाडीच्या डिझेल इंजिनास बिचकण्याचें कारण नव्हतें.

तथापि विहिरीवरचें इंजिन एका जागीं बसून काम करतें; गाडीचें इंजिन सांगाड्याशीं, गिअरपेटीशीं व चाकांशीं बांधलेलें असतें. म्हणून व्यवहारांत हा पालट दिसतो तितका सोपा नव्हे. पेट्रोल इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सुमारें सात पट दाबून ठिणगीनें पेटविलें जातें. डिझेल इंजिनांत नुसती हवा वीस पट किंवा त्याहून अधिक दाबली जाते, ती तापते, आणि तिच्यांत तेलाची फवार सोडतांच तें आपोआप पेट घेतें. इतका दाब सोसावयाचा म्हणजे बीड जाड हवें. त्यामुळें इंजिन जड होतें. जड इंजिनाखालीं पुढचे पाटे बसतात, सुकाणूं जड होतें आणि गाडी थांबविण्यास ब्रेकांना अधिक जोर लागतो. चालू करण्यास मोठी बॅटरी व दणकट सेल्फ लागतो. इंजिन व गिअरपेटी यांचीं तोंडें जुळत नसतील तर मध्यें लेथवर कातलेली तबकडी घालावी लागते. ती केसभर वांकडी बसली तरी क्लच व बेअरिंग लवकर जातात. नोझलांतून परत येणाऱ्या तेलासाठीं टाकीपर्यंत वेगळी नळी न्यावी लागते. शिवाय डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतें. नागरी जीपेच्या मागच्या आंसांतील दांत्यांचें प्रमाण ५.३८ असे, म्हणजे चाकाच्या एका फेरीस आंसापर्यंत आलेल्या दांड्याच्या पांचांहून अधिक फेऱ्या. तेंच प्रमाण ठेवलें तर चढावर गाडी उत्तम ओढते, परंतु सपाटीवर इंजिन ओरडत राहतें आणि वेग येत नाहीं.

याच काळांत स्वतः महिंद्र कंपनीही डिझेलकडे वळली. तिच्या ट्रॅक्टरासाठीं इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या धर्तीवरील डिझेल इंजिन भारतांत बनत होतें. त्याच कुळांतील २,३५० घन सेंटिमीटरांचें इंजिन जीपेंत आलें. पुढें १९८० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या धर्तीचें २,११२ घन सेंटिमीटरांचें, अधिक हलकें व चपळ इंजिन आलें. याचा लाभ जुन्या पेट्रोल जीपांच्या मालकांसही झाला. जें इंजिन कारखान्यानें त्याच घडणीच्या सांगाड्यांत बसविलें आहे तें आपल्याही सांगाड्यांत बसेल, त्याचें फाउंडेशन, क्लच व गिअरपेटी बाजारांत मिळेल, हा भरवसा त्यांना मिळाला. मन मानेल तें इंजिन बसविणें आणि त्याच घराण्यांतील इंजिन बसविणें यांत मोठा फरक आहे, आणि व्यवहाराची अर्धी बाजू या फरकांत येते.

आतां खर्चाचा हिशेब. भाव पालटत असल्यामुळें रुपयांचे आंकडे न घेतां सर्व कांहीं पेट्रोलच्या लिटरांत मोजूं. समजा, पेट्रोलवर जीप लिटरमागें ८ किलोमीटर जाते व डिझेलवर १२. म्हणजे २४ किलोमीटरांस पेट्रोल ३ लिटर लागेल, डिझेल २ लिटर. डिझेलचा भाव पेट्रोलच्या निम्मा असेल तर तें २ लिटर डिझेल १ लिटर पेट्रोलच्या भावांत पडेल, आणि दर २४ किलोमीटरांस २ लिटर पेट्रोलची किंमत वांचेल. इंजिन, मजुरी, बॅटरी व कागदपत्रें मिळून १,००० लिटर पेट्रोलची किंमत खर्ची पडली असें धरलें, तर १२,००० किलोमीटरांत पैसे वसूल होतील. परंतु डिझेलचा भाव पेट्रोलच्या नऊ दशांश झाला तर बचत २ लिटरांवरून १.२ लिटरांवर येईल आणि त्याच वसुलीस २०,००० किलोमीटर लागतील.

या हिशेबांत खरा निर्णय गाडी किती धांवते यावर ठरतो. बाजार व घाट करीत दिवसाला १०० किलोमीटर जाणारी भाड्याची जीप पहिल्या स्थितींत १२० दिवसांत आणि दुसऱ्या स्थितींत २०० दिवसांत खर्च फेडील. दिवसाला १० किलोमीटर फिरणारी घरगुती गाडी मात्र पहिल्या स्थितींत सव्वातीन वर्षें आणि दुसऱ्या स्थितींत साडेपांच वर्षें घेईल. तोंवर तिचे पत्रे, टायर व कदाचित् मालकाचा उत्साहही संपलेला असेल. एकच यंत्र, एकच मिस्त्री, एकच खर्च. तरी डोंगरांतील चालकास जें शहाणपण तें शहरांतील हौशी मालकास उधळेपण ठरतें. त्यांत भर ही कीं, डिझेलचा पंप व नोझल बिघडले तर त्यांची दुरुस्ती कार्बुरेटर पुसण्याइतकी स्वस्त नसते. जुनें इंजिन कोठून काढलें आहे, तें किती चाललें आहे, हें विकणाऱ्याच्या शब्दावर मानावें लागतें. ही जोखीम कोणत्याही हिशेबांत नीट मांडतां येत नाहीं.

तिसरी बाजू कायद्याची. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यांत गाडींतील फेरफाराविषयीं स्वतंत्र कलम होतें. त्या कायद्याची जागा १९८८ च्या कायद्यानें घेतली. तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला आणि हा विषय त्याच्या ५२ व्या कलमांत आला. त्याची मूळ रचना मालकाशीं बऱ्याच विश्वासानें वागणारी होती. नोंदणीपुस्तकांतील वर्णन बदलेल असा फेरफार करावयाचा असेल तर मालकानें नोंदणी अधिकाऱ्यास आधीं सूचना द्यावी व संमति घ्यावी. सात दिवसांत उत्तर आलें नाहीं तर संमति मिळाली असें समजावें. नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत मोटारखात्याच्या या कामासाठीं सातपुड्यांतील मालकास धुळ्याचा रस्ता धरावा लागे. धडगांवच्या माणसास तो प्रवास, दिवसभराचें बुडालेलें भाडें आणि कचेरींतील हेलपाटे हाही इंजिनाच्या किंमतींतच धरावा लागणारा खर्च होता.

२००० सालच्या दुरुस्तीनें या कलमाचा आशयच पालटला. आतां कसोटी मालकाच्या सूचनेची राहिली नाहीं. निर्मात्यानें मूळांत जें वर्णन दिलें त्याशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें करूं नये, असा सरळ निर्बंध आला. निराळ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठीं ठरलेल्या अटींनुसार परिवर्तनसंच बसविण्याची सवड मात्र ठेवण्यांत आली. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें के. जयचंद्र यांच्या खटल्यांत याच कलमाचा अर्थ कडक रीतीनें लावला व निर्मात्याचें मूळ वर्णन हीच मर्यादा मानली. त्याच वर्षाच्या दुरुस्ती कायद्यानें बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या.

या कलमांतील एक तरतूद विशेष लक्ष देण्यासारखी आहे. ज्याच्यापाशीं निदान दहा वाहतूक गाड्या आहेत, अशा मालकास नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवांचून त्याच बनावटीचें व त्याच जातीचें इंजिन बसविण्याची मुभा राज्य सरकार देऊं शकतें. फेरफारानंतर चौदा दिवसांत तशी वर्दी देण्याचें बंधन आहेच. मोठ्या कंपनीच्या गाड्या इंजिनाअभावीं अडून राहूं नयेत, हा हेतु समजण्यासारखा आहे. पण ज्याची एकच जीप आहे, आणि ती एक दिवस बंद राहिली तर ज्याच्या घरीं त्या दिवसाची मिळकत येत नाहीं, त्याला ही सवलत नाहीं. कायद्यानें दहा गाड्यांच्या धन्याची घाई ओळखली. एका गाडीच्या धन्याची घाई त्याहून मोठी असते, हें मात्र कलमांत कोठें आलें नाहीं.

तरी कायदा निष्कारण कडक झाला असें म्हणतां येणार नाहीं. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक हे गाडीचे ओळखीचे दाखले आहेत. इंजिनें मुक्तपणें बदलूं लागलीं तर चोरीची गाडी ओळखणें कठीण होतें. धुराचे नियम इंजिनाच्या जातीवर ठरतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गाडींत बसलेलीं माणसें. चांदसैलीच्या उतारावर मूळच्यापेक्षां जड इंजिन आणि मूळचेच ब्रेक घेऊन, मापाहून अधिक उतारू बसविलेली जीप येते तेव्हां मिस्त्रीच्या कौशल्याची व मालकाच्या काटकसरीची परीक्षा त्या उतारूंच्या जिवावर होत असते. दुर्दैवानें अपघात झाला आणि नोंदणीपुस्तकांत पेट्रोल व बॉनेटाखालीं डिझेल असें निघालें, तर विम्याचा वाद उभा राहतो. इंधनावर वर्षानुवर्षें वांचविलेले पैसे मग एका निकालांत जाऊं शकतात. बाजारास निघालेल्या बाईस गाडीचें पुस्तक तपासतां येत नाहीं. तिच्या वतीनें तें कोणीतरी तपासलेलें असावें, एवढीच कायद्याची मागणी आहे.

या सर्व इतिहासाचा शेवट पुन्हां भावांनींच केला. जून २०१० मध्यें पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणांतून सुटले. दोहोंमधील जुनी दरी बरीच बुजली, आणि केवळ स्वस्त इंधनासाठीं पेट्रोल गाडींत डिझेल इंजिन घालण्याचें मुख्य कारण निघून गेलें. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांस भारत टप्पा सहाचे धुराचे कडक नियम लागू झाले. आतां पालटाची वाट वायूकडे व विजेकडे वळली आहे. २०२२ सालीं साडेतीन टनांखालील टप्पा सहाच्या गाड्यांतील डिझेल इंजिनाच्या जागीं वायूचें इंजिन बसविण्याचे नियम निघाले, आणि विजेच्या संचांसाठींही मानकें ठरलीं आहेत. परंतु हे संच पुण्याच्या एआरएआय सारख्या मान्य संस्थेकडून तपासलेले असावे लागतात व मान्य केंद्रांतच बसवावे लागतात. झाडाखालीं साखळी-कप्पी टांगून एका रात्रींत इंजिन उतरविण्याचे दिवस कायद्यापुरते तरी संपले आहेत.

कोळशाच्या पिंपापासून वायूच्या टाकीपर्यंतचा हा प्रवास पाहिला म्हणजे इंजिन पालटण्याच्या विचारास एक क्रम लाभतो. प्रथम कायद्यास विचारावें, कारण तेथें नकार मिळाला तर पुढील हिशेब व्यर्थ आहे. मग आपल्या गाडीच्या घराण्यांत बसणारें इंजिन आहे काय, तें मिस्त्रीस विचारावें, आणि इंजिनाबरोबर पाटे व ब्रेक यांचाही भाव घ्यावा. शेवटीं भावांतील फरक व दिवसाची धांव मांडून खर्च किती दिवसांत फिटेल तें पाहावें, आणि तो फरक तितके दिवस टिकेल काय, हेंही स्वतःस विचारावें. भाव सरकारच्या एका निर्णयानें पालटतात. चांदसैलीचा उतार मात्र तोच राहतो, आणि गाडीनें त्या उतारावर वेळीं थांबलें पाहिजे.